पुढारी कोणाला उत्तरदायी?

कोणतीही संघटना तपासायची असेल तर तीन प्रश्न विचारावेत. पुढारी कोण निवडतो? पैसा कोणाच्या हाती असतो? आणि पुढारी चुकला तर त्याला जाब कोण विचारू शकतो? घटना, नियमावली, जाहीरनामे यांत काय लिहिले आहे ते नंतर पाहावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की संघटना खऱ्या अर्थाने कोणाची आहे हे उघड होते. आज हेच प्रश्न घेऊन मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीकडे पाहू. आपल्याकडे या पंथाची चर्चा फारशी होत नाही. परंतु कोठेही राजधर्म न होता पाचशे वर्षे टिकलेली ही संघटना आहे. तिच्या यशाचा आणि अपयशाचा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे.

या पंथाचा जन्म एका साध्या, पण त्या काळात जीवघेण्या प्रश्नातून झाला. माणूस जन्माने धर्माचा सभासद होतो काय? सोळाव्या शतकातील युरोपात मूल जन्मले की त्याला बाप्तिस्मा दिला जाई. त्यामुळे ते चर्चचे सभासद होई आणि त्याच नोंदीने राज्याची प्रजाही होई. त्याला कोणी विचारत नसे. २१ जानेवारी १५२५ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात काही तरुण एका घरात जमले. त्यांनी ठरवले की, समज आलेल्या माणसाने स्वतःच्या निर्णयाने घेतलेला बाप्तिस्मा तोच खरा. कॉनराड ग्रेबेल याने जॉर्ज ब्लाउरॉक याला बाप्तिस्मा दिला आणि जन्मावर आधारलेले सभासदत्व नाकारले गेले. सत्तेला हे सहन होणे शक्यच नव्हते. त्यांच्यातील फेलिक्स मांझ याला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. ज्याने पाण्याने बंड केले त्याला पाण्याचीच शिक्षा! पुढे नेदरलँड्समधील मेनो सिमन्स या कॅथलिक धर्मगुरूने १५३६ साली आपले पद सोडले आणि छळामुळे विखुरलेल्या या लोकांना संघटित केले. त्याच्या नावावरून त्यांना मेनोनाइट हे नाव पडले.

ज्या संघटनेचे पुढारी वर्षा-दोन वर्षांत मारले जातात, तिने नेतृत्वाची रचना कशी करावी? याचे उत्तर २४ फेब्रुवारी १५२७ च्या श्लाइटहाइम येथील ठरावात आहे. मायकेल सॅटलर याच्या पुढाकाराने झालेल्या या ठरावात सात कलमे आहेत. त्यांतील पाचवे कलम मंडळीच्या पाळकाबद्दल आहे. त्याचा आशय असा: पाळक हा चांगल्या वर्तनाचा असावा, त्याला मंडळीने निवडावे आणि त्याचा चरितार्थ मंडळीने चालवावा. तो चुकला तर दोन-तीन साक्षीदारांच्या साक्षीवर त्याला मंडळीसमोर जाब विचारावा. आणि त्याला हद्दपार केले किंवा मारले, तर त्याच घटकेला त्याच्या जागी दुसरा नेमावा, म्हणजे कळप विखुरणार नाही. ठराव होऊन तीन महिने होतात न होतात तोच सॅटलरला जिवंत जाळण्यात आले. त्याच्या पत्नीला बुडवून मारले. तरीही पंथ संपला नाही, कारण पंथाचा प्राण एका माणसात ठेवलेलाच नव्हता.

हे कलम वकिलाच्या नजरेने वाचले तर त्यात संपूर्ण घटनाशास्त्र आहे. नेमणूक खालून, वेतन खालून, चौकशीही खालून. वरून नेमलेला बिशप, राजाकडून मिळणारा पगार आणि फक्त वरिष्ठांपुढे होणारी चौकशी या रोमन व्यवस्थेच्या नेमके उलट टोक.

प्रत्यक्ष व्यवहारात ही रचना कशी चालली ते पाहू. जुन्या मेनोनाइट मंडळ्यांत तीन पदे असत. बिशप किंवा वडील हा बाप्तिस्मा, लग्ने, प्रभुभोजन आणि नव्या पाळकांची दीक्षा ही कामे करी. पाळक उपदेश करी. डीकन हा गरिबांचा सेवक. मदतनिधी त्याच्या हाती आणि कोणाच्या घरी अडचण आहे हे पाहण्याची जबाबदारीही त्याचीच. अमेरिकेतील जुन्या वळणाच्या मेनोनाइट आणि आमिश मंडळ्यांत आजही पाळक चिठ्ठी टाकून निवडला जातो. सभासद, स्त्रिया आणि पुरुष दोघेही, एकेक करून आपल्याला योग्य वाटणाऱ्या माणसाचे नाव हलक्या आवाजात सांगतात. ठरावीक संख्येइतकी मते ज्यांना मिळाली ते चिठ्ठीला पात्र. मग जितके उमेदवार तितकी गीतपुस्तके मांडतात आणि त्यातल्या एकातच चिठ्ठी असते. प्रत्येकाने एक पुस्तक उचलायचे. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघाली तो पाळक. दीक्षा तिथल्या तिथे. पगार नाही. शेतकरी असेल तर शेती करायची, सुतार असेल तर सुतारकाम करायचे आणि रविवारी उपदेश द्यायचा. चिठ्ठी निघाल्यावर आनंदाऐवजी त्या घरात बहुधा रडू फुटते, कारण हे ओझे जन्मभराचे असते.

या पद्धतीत प्रचार नाही, गटबाजीला वाव कमी, पदासाठी धडपडणारा माणूस आपोआप बाद. पण दोषही स्पष्ट आहेत. पद तहहयात आणि फक्त पुरुषांसाठी. स्त्रीला नाव सुचवण्याचा अधिकार आहे, पण तिचे नाव सुचवता येत नाही.

आधुनिक वळणाच्या मंडळ्यांत चित्र वेगळे आहे. तेथे शिकलेला, पगारी पाळक असतो. मंडळी शोध समिती नेमते, समिती उमेदवार सुचवते, सभासद मतदान करतात. साध्या बहुमताने भागत नाही, मोठे बहुमत लागते. नेमणूक बहुधा काही वर्षांपुरती असते आणि मुदत संपली की कामाचा आढावा घेऊनच ती वाढवली जाते. पाळकासोबत निवडलेले वडील किंवा कार्यकारी मंडळ असते. वार्षिक सभेत अंदाजपत्रक सर्व सभासदांपुढे ठेवले जाते. पाळकपदाचा परवाना प्रादेशिक परिषदेकडून मिळतो आणि तीच तो स्थगित करू शकते. स्त्रियांचा प्रवेश मात्र सावकाश झाला. १९११ साली फिलाडेल्फियात ॲन ॲलबाख यांना दीक्षा मिळाली. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये ॲने झेर्निके पाळक झाल्या. पण अमेरिकेतील 'मेनोनाइट चर्च' या शाखेला पहिली स्त्री पाळक, एमा रिचर्ड्स, नेमायला १९७३ साल उजाडले. जन्माने मिळणारे सभासदत्व नाकारणाऱ्यांना जन्माने मिळणारे पुरुषपण नाकारायला इतकी शतके लागली!

आता पैशाचा प्रश्न. मेनोनाइट मंडळीचे खरे बळ उपदेशात नाही, परस्पर साहाय्यात आहे. कोणाचे धान्याचे कोठार जळाले तर सारी मंडळी जमते आणि नवे कोठार उभारून देते. स्त्रिया शंभर-शंभर माणसांचा स्वयंपाक रांधतात. अनेक मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुण्याची प्रथा आहे. बिशपही गुडघे टेकून सामान्य सभासदाचे पाय धुतो. याच सवयीतून मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. दक्षिण रशियातील, म्हणजे आजच्या युक्रेनमधील, दुष्काळग्रस्तांना अन्न पोहोचवण्यासाठी १९२० साली मेनोनाइट सेंट्रल कमिटी स्थापन झाली. बंगालच्या दुष्काळात ती भारतातही आली. तिचे कलकत्त्यातील काम १९४२ सालापासूनचे आहे. १९५० साली कॅन्सस राज्यात आपत्ती सेवा सुरू झाली. पूर आणि वादळात पडलेली घरे तिचे स्वयंसेवक आजही बांधून देतात.

काहींनी याहून पुढचे पाऊल टाकले. शिकागोजवळील इव्हान्स्टन येथे १९५७ साली मेनोनाइट तरुणांनी रिबा प्लेस फेलोशिप सुरू केली. सभासदांची सर्व कमाई एका सामाईक थैलीत जाते आणि प्रत्येक कुटुंबाला गरजेप्रमाणे ठरलेला खर्च मिळतो. परंतु अशा समूहात थैली आणि मंडळी एकच असली की, थैलीत पैसे न टाकणाऱ्याला मंडळीतही जागा उरत नाही. म्हणूनच १९८० च्या सुमारास त्यांनी मंडळीचे सभासदत्व थैलीपासून वेगळे केले. विचार टिकवण्यासाठी रचना बदलावी लागते हे त्यांनी ओळखले.

या रचनेची ताकद पाहायची असेल तर इथिओपियाकडे पाहावे. तेथील मेसेरेटे क्रिस्टोस चर्च ही मेनोनाइट संघटना १९८२ साली लष्करी राजवटीने बंद केली. इमारती जप्त झाल्या, पुढारी वर्षानुवर्षे तुरुंगात गेले. उरलेले सभासद घराघरांत पाच-सात जणांच्या गटांनी जमू लागले. या गटांचे नेतृत्व बऱ्याच ठिकाणी स्त्रियांनी केले. तेव्हा पाच हजारांच्या आसपास असलेली सभासदसंख्या १९९१ साली राजवट पडेपर्यंत कित्येक पटींनी वाढली. आज ती जगातील सर्वांत मोठी मेनोनाइट संघटना आहे. १५२७ चे पाचवे कलम साडेचारशे वर्षांनी आफ्रिकेत खरे ठरले.

येथवर गौरव झाला. पण केवळ गौरव करून थांबणे हा भक्ताचा मार्ग आहे. आपण चिकित्सा करू. या सुंदर रचनेला तीन ठिकाणी तडा गेला.

पहिला तडा जमिनीवर. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मेनोनाइटांनी रशियन साम्राज्यात वसाहती केल्या. मोलोच्ना ही त्यांतली मोठी वसाहत, १८०४ ची. प्रत्येक कुटुंबाला ६५ देस्यातिना, म्हणजे सुमारे १७५ एकर जमीन मिळाली. या जमिनीचे तुकडे पाडता येत नसत. परिणामी एका पिढीत मालक आणि भूमिहीन असे दोन वर्ग तयार झाले. १८६० च्या दशकात सुमारे दोन तृतीयांश कुटुंबे भूमिहीन होती. आणि गावसभेत मताचा अधिकार कोणाला? फक्त जमीनमालकांना! रविवारी मंडळीत एकमेकांना बंधू म्हणायचे आणि सोमवारी गावसभेत भूमिहीनाला बाहेर उभे करायचे. भूमिहीनांनी अखेर झारच्या सरकारकडे अर्ज केले आणि १८६६ साली सरकारने त्यांच्या बाजूने हस्तक्षेप केला. धार्मिक समता आर्थिक समतेची हमी देत नाही, हा याचा धडा. मतदानाचा हक्क मालमत्तेला बांधला की बंधुभाव केवळ प्रार्थनेपुरता उरतो.

दुसरा तडा शिस्तीवर. श्लाइटहाइमच्या ठरावातच वाट चुकलेल्या सभासदाला बाहेर काढण्याची तरतूद आहे. तलवार हाती न धरणाऱ्या समाजाकडे एवढेच एक शस्त्र होते. ते किती कडक वापरावे यावरून १६९३ साली याकोब आमान याचा गट फुटला आणि आमिश पंथ झाला. जातपंचायतीच्या बहिष्काराशी याची गल्लत करू नये. येथे माणूस स्वतःच्या इच्छेने सभासद झालेला असतो, आणि पश्चात्ताप केला तर त्याला परत घेणे हाच उद्देश सांगितला जातो. पण बहिष्काराची धार सोसणाऱ्याला या फरकाने फारसा दिलासा मिळत नाही.

मेनोनाइटांचे चुलतभाऊ असलेले हटराइट हे कोणतीही खाजगी मालमत्ता ठेवत नाहीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांचे दोन खटले गाजले. १९७० च्या खटल्यात दुसऱ्या पंथाचा स्वीकार केल्यामुळे वसाहतीतून काढलेल्या सभासदांनी मालमत्तेत वाटा मागितला. न्यायालयाने तो नाकारला. जन्मभर राबलेले हात रिकामे बाहेर पडले. १९९२ च्या लेकसाइड वसाहतीच्या खटल्यात मात्र न्यायालयाने हकालपट्टी रद्द ठरवली. कारण सभासदाला काढण्याचा विचार होणार आहे अशी स्पष्ट सूचना त्याला दिलेली नव्हती. सूचना, बाजू मांडण्याची संधी आणि निःपक्षपाती निवाडा, ही नैसर्गिक न्यायाची तत्त्वे धार्मिक मंडळीलाही लागू होतात असे न्यायालय म्हणाले. हकालपट्टी म्हणजे ज्याचे घर, अन्न आणि म्हातारपण जाणार, त्याला निदान ऐकून तरी घ्या, एवढीच ती मागणी होती. न्यायालय धर्मतत्त्वात शिरले नाही. ते फक्त प्रक्रियेपाशी उभे राहिले. संघटना चालवणाऱ्या प्रत्येकाने हा निवाडा लक्षात ठेवावा.

तिसरा तडा सर्वांत खोल, आणि तो थेट नेतृत्वावर आहे. जॉन हॉवर्ड योडर हे विसाव्या शतकातील सर्वांत नावाजलेले मेनोनाइट विचारवंत. अहिंसेवरील त्यांच्या पुस्तकांनी जगभर प्रभाव टाकला. याच माणसाने अनेक वर्षे विद्यार्थिनींवर आणि इतर स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केले. इंडियाना राज्यातील ज्या धर्मशिक्षण संस्थेत ते शिकवत, तिच्या प्रमुखांना हे ठाऊक होते. त्यांनी गुप्त समित्या नेमल्या, पत्रव्यवहार दडवला आणि १९८४ साली योडर यांना गाजावाजा न करता जाऊ दिले. काही स्त्रियांनी एकत्र येऊन तक्रार केल्यावर १९९२ साली परिषदेने त्यांचा परवाना स्थगित केला. १९९७ साली त्यांचा मृत्यू झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या रेचल वॉल्टनर गूसेन यांच्या संशोधनाने पीडित स्त्रियांची संख्या शंभराहून अधिक असावी असे पुढे आणले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्या संस्थेने आपली चूक जाहीरपणे कबूल केली.

कुंपणानेच शेत खाल्ले ते कसे? मंडळीचा जुना नियम असा की, तुझ्याशी कोणी वाईट वागला तर आधी त्याला एकांतात भेट, मग साक्षीदार घेऊन जा, मग मंडळीपुढे ने. दोन समान शेतकऱ्यांच्या भांडणात हा नियम उत्तम आहे. पण एका बाजूला जगप्रसिद्ध प्राध्यापक आणि दुसऱ्या बाजूला त्याची विद्यार्थिनी असेल, तर 'आधी एकांतात भेट' हे वाक्य तिच्यासाठी सापळा ठरते. योडर यांनी हाच नियम स्वतःच्या बचावासाठी पुढे केला. बंधुभावाची भाषा सत्तेचा फरक झाकते तेव्हा ती अन्यायाची हत्यार बनते. असमान माणसांना समान मानून लावलेला नियम नेहमी बलवानाच्याच कामी येतो.

आता या कहाणीचा भारताशी असलेला संबंध. रशियातील मेनोनाइट ब्रदरन शाखेचे अब्राहम आणि मारिया फ्रीजन हे दांपत्य १८८९ साली निजामाच्या राज्यात नलगोंड्याला आले. दहा वर्षांनी याच शाखेचे अमेरिकन मिशनरी हैदराबादला पोहोचले. महबूबनगरपर्यंत पसरलेल्या या कामातून जी मंडळी उभी राहिली ती प्रामुख्याने मादिगा आणि माला या अस्पृश्य मानलेल्या जातींची होती. छत्तीसगडात धमतरीला १८९९ साली दुसऱ्या शाखेचे काम सुरू झाले. नागपूर ही राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रांतातील ते दुष्काळाचे दिवस होते.

तेलंगणातील या माणसांना मंडळीने शाळा दिली, दवाखाना दिला, गावाबाहेरच्या वस्तीत एकत्र बसून गाण्याची जागा दिली. हे ऋण नाकारता येणार नाही. पण परदेशातून येणारा पैसा मिशनच्या हाती राहिला आणि पाळक मंडळीचा न राहता मिशनचा पगारी माणूस झाला. १५२७ च्या कलमातील 'चरितार्थ मंडळीने चालवावा' हे सूत्र समुद्र ओलांडून येताना वाटेतच गळाले. माला आणि मादिगा यांच्यातील भेदही बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतला गेला नाही.

त्यात कायद्याची गाठ वेगळीच. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात आधी प्रामुख्याने हिंदूंचाच समावेश होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलित आजवर बाहेर राहिले. तेलंगणात त्यांना मागासवर्गाच्या 'क' गटात एक टक्का राखीव जागा आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस २००७ साली केली. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या सेल्वराणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. त्यात बाप्तिस्म्याची नोंद पुरावा म्हणून विचारात घेतली गेली. याचा मंडळीच्या रचनेवर काय परिणाम होतो, हे पाहा. जी मंडळी सभासदांच्या नोंदवहीवर, मतदानावर आणि जाहीर बाप्तिस्म्यावर उभी आहे, तिची नोंदवहीच सभासदाविरुद्ध साक्षीदार होते. अनेक कुटुंबे मग कागदावर एक आणि प्रार्थनेत दुसरी राहतात. ज्याला वहीत सही करण्याची भीती वाटते, तो वार्षिक सभेत उभा राहून पाळकाला हिशेब कसा विचारणार? जन्माने लादलेली ओळख नाकारण्यासाठी जी मंडळी झुरिकमध्ये जन्मली, तिच्या तेलंगणातील लेकरांना आजही जन्माची जात आणि स्वीकारलेला धर्म यांतून एक निवडायला लावले जाते.

म्हणून सुरुवातीच्या तीन प्रश्नांकडे परत येऊ. मेनोनाइटांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले दिले. पुढारी मंडळी निवडते, आणि तो गेला तर संघटना थांबत नाही. दुसऱ्याचे उत्तर जेथे डीकनची थैली खुली होती तेथे चांगले दिले, जेथे जमीनमालकाचे किंवा मिशनचे कुलूप होते तेथे नाही. तिसऱ्या प्रश्नाशी ते अडखळले. पुढाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क ठरावात लिहिलेला होता, पण सर्वांत दुबळ्या सभासदाला तो वापरता येईल अशी वाट बांधलेली नव्हती.

जाब विचारण्याचा हक्क सगळ्यांना आहे असे म्हणणे पुरेसे नसते. भूमिहीनाला मत हवे, काढल्या जाणाऱ्याला सूचना आणि सुनावणी हवी, पीडित स्त्रीला पुढाऱ्याशी संबंध नसलेली चौकशी समिती हवी. हे कागदावर, कलमावर आणि तारखेवर असावे लागते. पुढाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबून राहिलेली संघटना त्याच्या चांगुलपणाइतकीच टिकते. मेनोनाइटांना हे कळायला पाचशे वर्षे आणि शंभराहून अधिक स्त्रियांचे दुःख मोजावे लागले. इतरांनी तरी एवढी किंमत मोजेपर्यंत थांबू नये.